बाहेरून कुलूप

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी सामान हलवणाऱ्या एका छोट्या कंपनीचा मालक आणि त्याला हमाल पुरवणारा मुकादम बसले होते. पायावर कपाट पडलेला त्यांचा हमाल आत होता.

“त्याचं ओळखपत्र मागतायत.”

“हे घ्या, साहेब. सगळ्यांची माझ्याकडेच असतात. हरवतात हो ही माणसं.”

“अरे, आपण गिऱ्हाइकाच्या कपाटाची किल्लीसुद्धा खिशात ठेवत नाही! राहतात कुठे ही?”

“माझ्या खोलीत. रात्री बाहेरून कुलूप घालतो. चोऱ्या फार होतात तिकडे.”

“माणसं आत असताना बाहेरून?”

“तुम्हाला हमाल वेळेवर मिळतात ना?”

“ते राहू दे. उद्या सगळ्यांची ओळखपत्रं परत कर. कुलूपही काढ.”

“काढतो की. मग परवा एकही जण येणार नाही.”

“का? रागावून?”

“रागावतील कशाला? घरी जातील.”

मालकाने खिशातून कामांची वही काढून पाहिली.

“परवा तीन मजल्यांचं घर हलवायचंय रे.”

“म्हणूनच म्हणतोय, साहेब.”

“बरं, तेवढं होऊ दे. मग बघू.”

इतक्यात नर्स बाहेर आली.

“तुमचा माणूस विचारतोय, घरी फोन करू का?”

मुकादमाने मालकाकडे पाहिलं.

“आत्ता नको म्हणावं,” मालक म्हणाला.