मिनूच्या टाचेमागचा पाकट

समुद्रावरचे फोटो मी आता कुणाला दाखवत नाही यार. कोकणातून भोपाळला परतलो आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या तांडेलकाकांना हौसेने मोबाइल दाखवला. काका कारखान्यात फिटर, पण मूळचे मालवणचे. आमच्या मिनूचा घोटाभर पाण्यातला फोटो त्यांनी मोठा केला आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"हे खाडीच्या तोंडाशी ना?"

"हो. का?"

"टाचेमागे वीतभर अंतरावर बघ. वाळूतून दोन डोळे वर आलेत, मागे चाबकासारखं शेपूट. पाकट मासा हा. उथळ पाण्यात वाळू पांघरून पडून राहतो. वर पाय पडला की शेपटीचा विषारी काटा मारतो."

"मग हिला काही कसं झालं नाही?"

"पाय घासत चालली असणार. वाळू हलली की तो आपणहून सरकतो."

मिनू तिथेच बसली होती. "पण बाबा, तुम्ही तर काठावरून ओरडत होतात, फरफटत चालू नकोस, पाय उचलून टाक! मग मी उचलून टाकायला लागले."

पुढच्या फोटोत तिचा पाय चांगला गुडघ्याएवढा वर आहे. तो फोटो मोठा करून बघायची माझी अजून हिंमत झालेली नाही.