नेट मात्र स्पष्ट आहे

व्यासपीठावरचे आदरणीय अध्यक्ष महोदय, उपाध्यक्ष, खजिनदार साहेब, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या छबीताई, आणि बूट बाहेर काढून या लाकडी कोर्टवरच्या खुर्च्यांत बसलेल्या माझ्या खेळाडू मित्रमैत्रिणींनो,

भाषण लहान करा, असं मला दोनदा बजावण्यात आलं आहे. काळजी नसावी. सव्वीस वर्षं मी या बॅडमिंटन हॉलमध्ये गुणलेखनाला बसते. आकड्यांपलीकडे फारसं बोलायची मला सवय नाही. समितीच्या बैठकांचं इतिवृत्तही मीच लिहिते, कारण माझं अक्षर बरं आहे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी पट्टी मारून मारून ते वळवलं. भरल्या सभेत कुणाची उणीदुणी काढू नयेत, हेही त्यांनीच शिकवलं. त्यांची क्षमा आधीच मागून ठेवते.

छबीताई बावीस वर्षं इथे फोटो काढत आल्या. माझी मुलगी आठ वर्षांची असताना पहिला कप छातीशी धरून रडत होती, तो फोटो त्यांचाच. जिंकून का रडत होती, ते आजही आम्हा तिघींनाच माहीत आहे.

गेल्या वर्षी त्यांची जुनी लेन्स कामातून गेली. बजेट तोकडं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. छबीताईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं: पंच्याऐंशी एमएमची लेन्स, तोंड मोठं, वन पॉइंट एट, वापरलेली चालेल. नमुनाही आणून दाखवला.

"एवढीशी?" उपाध्यक्ष म्हणाले. "झूम होते का?"

"नाही, सर."

"मग खेळाडू जवळ कसे येणार?"

"मीच दोन पावलं पुढे सरकेन की."

खजिनदार साहेबांना हसू आवरेना. तेवढ्याच पैशांत, त्यांच्या मेव्हण्याच्या ओळखीच्या दुकानात, हातभर लांब नवीकोरी लेन्स मिळत होती. उपाध्यक्षांनी ती भोपळा तोलावा तशी तोलून पाहिली. "वजन आहे हो!" म्हणाले. झाली निवड.

"सर, लांबी नका बघू, तोंड बघा," छबीताई सांगत होत्या. "ही लांब केली की उजेड आत कमी येतो. आपल्या हॉलमध्ये तो आधीच बेताचा. मग एकेका फोटोला वेळ लागतो, आणि स्मॅश मारणारी मुलगी तेवढा वेळ थांबत नाही."

"मग फ्लॅश मारा!"

नऊ वर्षं बॅडमिंटन मंडळाचं उपाध्यक्षपद भूषवणाऱ्या गृहस्थांचा हा सल्ला! खेळाडूच्या डोळ्यांत फ्लॅश मारायचा. मग शटल काय तिने कानांनी टिपायचं?

व्हायचं तेच झालं. वर्षभर फोटो धूसर. चूक लेन्सची म्हणावी, तर ती निवडणाऱ्यांची म्हणावी लागेल. आणि ते तर व्यासपीठावर बसतात. तेव्हा इतिवृत्तात असं नोंदलं गेलं: "वयोमानाने हात थरथरत असल्याने छायाचित्रे अस्पष्ट येतात. सबब त्यांना सन्मानाने निवृत्त करावे." त्यातला सन्मान म्हणजे हा आजचा पुष्पगुच्छ.

आता जरा मागच्या भिंतीकडे वळून बघा. ते सगळे बदनाम फोटो मी आज सकाळी तिथे लावलेत. मुलगी धूसर, रॅकेट धूसर. कबूल. आणि नेट? नेटचा धागा न् धागा मोजून घ्या. पलीकडच्या बाकावरच्या बाटलीचं लेबलसुद्धा वाचता येतं. अहो, हात थरथरले असते, तर नेट तेवढं स्थिर कसं राहिलं? ते काय खजिनदार साहेबांनी धरून ठेवलं होतं?

आणि हातातली निमंत्रणपत्रिका बघा. शटलचं पीस न् पीस दिसतंय. "शेवटी आमच्या लेन्सनेच लाज राखली," असं उपाध्यक्ष परवा चारचौघांत म्हणाले. साहेब, तो फोटो छबीताईंनी भाचीकडून मागून आणलेल्या पन्नास एमएमच्या, प्लास्टिकच्या, बुटक्या लेन्सने काढलाय. तुमची त्या दिवशी कपाटात होती. आज ती टेबलावर आहे, हिरव्या वेष्टनात, छबीताईंना भेट म्हणून. वेष्टन मीच घातलंय. घ्या हो छबीताई, वाऱ्याने दार आपटतं ना तुमचं? तिथे लावायला बरी आहे.

इतरांना इतकं बोलले, आता स्वतःबद्दल. ते हात थरथरण्याचं वाक्य माझ्या अक्षरात आहे. दाराबाहेर छबीताई खांद्याला पिशवी लावून उभ्या होत्या, आणि आत समितीने सांगितलं ते मी लिहून घेत होते. सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. सव्वीस वर्षांत मी चुकीचा गुण मांडला, तो हा एकच.

गुणपत्रकात चूक झाली, तर ती आम्ही लपवत नाही. एका रेघेने काटतो, आणि शेजारी पंचांची सही घेतो. इतिवृत्ताची वही मी बरोबर आणली आहे. रेघ मारून ठेवली आहे. अध्यक्ष महोदय, सही तेवढी राहिली आहे.

सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. पेन वहीवरच ठेवलंय, टोपण काढून. सही झाली, की मी खाली बसते.