पाखरं उडवणारी पिचर

नांदेडच्या बसस्थानकावर लातूरची गाडी अजून लागली नव्हती. मांडीवरच्या लेकराचा नुकता डोळा लागलेला, म्हणून ज्योत्स्ना जागची हलत नव्हती. शेजारी भोकरच्या एका शाळेच्या बेसबॉल संघातल्या दोघी भांडत होत्या, बॉल टाकणारी पिचर ऋतुजा आणि तो झेलणारी कॅचर विशाखा.

“तीन मॅच हारलो, ऋतुजा. उद्याची हारली की खेळ खलास. तू पिचिंग सोड.”

“का म्हणून? माझा हात लई जोराचा हाय.”

“हाव, पण बॉल माझ्या डोक्यावरून जातोय. उड्या मारून मारून गुडघे गेले माझे.”

“लहानपणापासून ज्वारी राखली मी. दगड पाखराच्या वरूनच टाकायचा. पाखरू उडवायचं, मारायचं न्हाई. आईनं तसंच शिकवलं.”

“अगं, समोर बॅट घेतलेली पोरगी हाय, चिमणी न्हाई!”

“हातच ऐकत न्हाई, काय करू?”

“मग माझा ग्लोव्ह म्हंजे रानडुक्कर समज. नीट हाण.”

“डुकराला कोण हाणतंय? डुक्कर दिसलं की मी पळते. चार बांध ओलांडून थेट घरी.”

“अन् डुक्कर?”

“आजवर एकदाबी पोचलं न्हाई.”

विशाखाने ऋतुजाच्या पायांकडे पाहिलं.

“उद्या तू सेंटर फील्डला. लांबचे बॉल पळून धरायचे.”

“आईनं गावभर सांगितलंय, पोरगी बॉल टाकते म्हणून.”

“धरला की टाकायचाच हाय, माय. तिथून पाखरांच्या वरूनच टाक.”

गाडी लागली. बॅग उचलून ऋतुजा दोन पावलं गेली, अन् थांबली.

“विशे, मी पळताना मागून ‘डुक्कर आलं’ म्हणून ओरडशील ना?”