कपाटातला वाळा

– वाळा गं, वाळा. माठात टाकतो ना पाण्याला वास यावा म्हणून, तोच. साड्यांमध्ये जुडी ठेवलीय, म्हणून कपाट उघडल्याबरोबर तुला छान वाटलं. बस ना हेमांगी, अशी अवघडून उभी नको राहूस – कितवा, सहावा? प्रणितला बोलू दे बाहेर एजंटशी. पुरुषांचं काय, पार्किंग आहे का आणि पाणी किती वाजता येतं, झालं घर बघून. आपण बायका कपाटं उघडून बघतो. मी पण टिटवाळ्यात हे घर घेताना आधी बाल्कनी बघितलेली – कपडे कुठे वाळणार? तळमजला असला तरी दुपारी दोन तास ऊन येतं. म्हणजे – समोरची बिल्डिंग व्हायच्या आधी यायचं. आता गच्ची आहे ना. तिसऱ्या मजल्यावरची संचिता चावी देते, मी तिथेच घालते. आमचे हे? ते देवळात गेलेत, येतील.

कपड्यांचं तसं कठीण काही नाही. धुऊन झाले की मशीनमध्ये ठेवायचे नाहीत, लगेच काढायचे. शेवटच्या पाण्यात थोडी तुरटी फिरवायची. उलटे करून वाळत घालायचे, आणि शिवणी वाळल्याशिवाय घडी घालायची नाही – हाताला कळत नाही ते, गालाला लावून बघायचं. कपाटात खडू ठेवायचे. हो, फळ्यावरचेच, दहा-बारा एकत्र बांधून, ओल ओढून घेतात. पंधरा दिवसांनी बदलायचे – पावसाळ्यात चार दिवसांनी. मग वेखंड, कापूर, साबणाचे रिकामे कागद. डांबरगोळ्या मात्र बाळाच्या कपड्यांत नकोत हां. एवढं सगळं कशाला, असं वाटतंय ना तुला? तुझी आई करते का? नाही ना. डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर कशाला लागतंय.

काय, पाळणा? हो, बसेल की. खिडकीच्या बाजूला बसेल. नाही नाही, कपाट नको सरकवूस – अगं, पोटुशी बाई तू, असं वजन – जड आहे ते. प्रणितला पण नको बोलावूस. असू दे तिथेच. तिथे पाळणा नको. म्हणजे – तिथे नकोच.

बस. जरा बस तू. मी पण बसते.

तीन वर्षांपूर्वी नदीचं पाणी आलेलं. खिडकीच्या खालपर्यंत, तिथे भिंतीवर रेघ आहे, तिच्यापुढे कपाट उभं केलंय. पाणी दोन दिवसांत गेलं, पण भिंत काही वाळली नाही. रंग लावला की चार महिने बरी दिसते. एजंट म्हणालाच, एप्रिलमध्ये दाखवा. एप्रिलमध्ये सगळीच घरं चांगली असतात. पण जुलै लागला की कपड्यांना वास धरतो, कुबट, आणि तो धुऊन जात नाही. यांच्या बनियनला, उशीच्या अभ्र्याला, सगळ्याला. मला वाटलं, वास घालवला म्हणजे झालं. माझ्या बाळंतपणात सासूबाई दुपटी धुरीवर धरायच्या, तशी मी यांची बनियनं धरायला लागले. करवंटीचे निखारे, त्यावर धूप, ओवा. दारं लावून गं, म्हणजे धूर चांगला मुरतो. रोज. दोन पावसाळे. त्यांना खोकला सुरू झाला तर मी आणखी धूप टाकला. डॉक्टरांनी विचारलं, घरात धूर करता का? मी म्हटलं, देवापुढे एक उदबत्ती. खोटं बोलले. हे तिथेच बसलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता डॉक्टर म्हणतात, घर सोडा, आणखी एक पावसाळा यांच्या छातीला झेपणार नाही. पण हे घर विकलं तरच दुसरं घेणार ना. आणि देवळात नाही गेलेत ते. समोरच्या कट्ट्यावर बसलेत. घर बघायला कोणी आलं की मीच त्यांना तिथे पाठवते, खोकला ऐकू येऊ नये म्हणून. एवढ्या उन्हात. आणि ते जातात गं, पाण्याची बाटली घेऊन गुपचूप जातात.

रडत नाहीये मी. तू 'छान वास येतो' म्हणालीस ना – इतका हात बसलाय माझा यात.

तर हे घर तू घेऊ नकोस. प्रणितला घरी गेल्यावर सांग, इथे काही बोलू नकोस. वरच्या मजल्यावरचं बघा, लहान असलं तरी चालेल, पण ऊन बघा. ऊठ, हळू. पायरी उंच आहे आमची, बघून उतर. बाहेर ते दिसतील, निळा शर्ट घातलाय. तुला विचारतील, घर आवडलं का बाळ. मोरी लहान पडते म्हण. तेवढंच म्हण, बाकी काही नको. त्यांना कळलं मी सांगितलं, तर रागावणार नाहीत, तेच मला सोसायचं नाही.

आणि ती कपाटाची दारं लावून घे गं, वाळ्याचा वास उडून जातो. उद्या आंबिवलीचं कोणी जोडपं येणार आहे बघायला. त्यांच्याकडे नसेल लहान मूल. नसेलच. जा तू.