मध्येच येणारी मदत

दातांच्या दवाखान्यात शिंपीकाका तोंडात कापसाचा बोळा दाबून बसले होते. बोलायला बंदी, त्यामुळे कान मोकळेच. शेजारी एक आई आणि डाव्या हातावर गाल टेकून बसलेली तिची दहावीतली लेक, दोघी टॅबलेटच्या पडद्यावर वाकल्या होत्या. आई सांगत होती,

"माझं हे पुस्तक उद्या शाळांमध्ये जाणार. तू पहिली वाचक. धरणावर बोट ठेव, दार उघडेल. आता सांग, पाणी कुठं जाईल?"

"थांब हं... अगं, या पुस्तकानं उत्तरच सांगून टाकलं!"

"ती मदत आहे. कुणी जरा वेळ गप्प बसलं की आपोआप येते. मुलं अडली की कंटाळतात गं."

"मी अडले नव्हते. विचार करत होते."

"ते पुस्तकाला कसं कळणार?"

"नाही कळणार. पण त्याला एवढी घाई कसली? अगदी तुझ्यावर गेलंय."

"माझ्यावर?"

"परवा मावशीनं विचारलं, पुढे काय शिकणार? मी तोंड उघडायच्या आत तू सांगून मोकळी."

"अगं, तू नुसती बघत बसली होतीस..."

"आई, मी विचार करत होते."

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी लेकीला विचारलं, "काय गं, कुठला दात दुखतोय?"

"डा..." म्हणून आईनं ओठ घट्ट मिटले.

लेक तोंडातल्या तोंडात जीभ फिरवत राहिली. डावीकडचाच असणार, हे काकांच्याही अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी बोळा आणखी दाबला.

"उजवीकडचा," लेक म्हणाली. "अगदी मागचा."