माहेरपणाचं पॅकेज

...अन् वरून मलाच म्हणतेत, "दैवशाला, तोंड फुगवू नको, पाहुणे बघून राह्यलेत!" बघू द्या की! माझं तोंड हाये, मी फुगवीन न्हाई तर फोडून घेईन! तुम्हीच सांगा, पंचमीला लेकीबाळी कुठं जातेत? माहेरी! शेजारची दुर्गाबाई, साठी उलटली तिची, कवळी बसवली, ती बी पिशवी घेऊन भावाच्या फटफटीवर बसून जाते, अन् मी? मी चुलीपुढं! काहून? तर आमच्या मालकानं, बद्रीनाथरावनं, पंचमीचं पॅकेज काढलंय. नाव काय, तर "माहेरपण"! तुम्हाला सांगते, माहेर माझं वडीगोद्री, अन् माहेरपण पुण्याच्या बाईला!

आधी असं नव्हतं हो. मोसंबीच्या बागेत चार खोल्या बांधल्या, बोर्ड लावला, राहण्याची अन् न्याहारीची सोय. म्हणलं ठीक हाये, चार माणसं येतील. हिवाळ्यात हुरड्याला येतेत, "अय्या, गोवऱ्या शेणाच्या का?" म्हणत नाक दाबतेत अन् त्याच आरावरचा हुरडा मूठमूठ खातेत. रिकामं बसलेलं कोणी दिसलं की मालक सुरू, "सकाळी अंबडची मत्स्योदरी करा, मंग राजूरचा गणपती, येताना जांबसमर्थ..." सगळ्या दुनियेला देवीला धाडतेत, अन् मी देवीला गेल्ते ते लग्नाच्या साली, ओल्या हळदीच्या अंगानं! पण पावसाळ्यात गिऱ्हाईक येईना, मंग ह्यांच्या डोक्यात आलं, "शहरातल्या बायांला माहेर असतंच कुठं? आई-बाप तिसऱ्या मजल्यावर! झोका न्हाई, फुगडी न्हाई, बांगड्या न्हाई. आपण देऊ!" आपण म्हंजी कोण? मी!

आता पंचमीला आपल्यात काय असतं? चिरायचं न्हाई, तळायचं न्हाई, चुलीवर तवा ठेवायचा न्हाई. पुरणाचे दिंड उकडायचे अन् खायचे. सालभरात बाईच्या हाताला तेवढाच आराम, तो बी नवऱ्यानं न्हाई दिलेला, नागोबानं दिलेला! तर औंदा सकाळी सकाळी ती पुण्याची अर्पिता मॅडम आली, अंगावर पॅकेजातली हिरवी साडी, "ताई, ऑम्लेट मिळेल?" पंचमीला! श्रावणात! मी म्हणलं, "आज तवा ठेवत न्हाईत." "ओ, किती छान प्रथा! मग टोस्ट?" अन् मालक मागून कानात, "अगं गॅसवर ठेव ना तवा, गॅस काय चूल हाये का?" ऐका! नागोबाला बी फसवायला निघाले!

अन् भावाचं सांगू का? आमच्यात लेक आपल्या पायानं माहेरी जात न्हाई, भाऊ मुऱ्हाळी यावा लागतो न्यायला. माझा भाऊ कल्याण येतो की दर साली! परवाच्या साली आल्ता, तर मालक म्हणले, "बरं झालं आलास, लिंबावर चढ, झोका बांधायचाय." चढला बिचारा. गेल्या साली तर फेटाच बांधला त्याला, "मंडळी, हा आपल्या सगळ्यांचा भाऊ!" बायांला झोके देऊन देऊन त्याचे खांदे भरून आले. सांजंला मला म्हणतो, "आक्का, चल ना आता." तर मालक, "आता कुठं? पाहुण्यांच्या ओट्या भरायच्यात अजून!" एकटाच गेला मंग, फेटा बी सोडायचा राह्यला त्याचा. भाऊ माझा, अन् झोका कोणाला? पुण्याच्या बाईला!

औंदा मातर आईचाच निरोप आला. आईला काचबिंदू हाये, डॉक्टर म्हणले गेलेली नजर वापस येत न्हाई. तर तिचा निरोप, "दैवशालाला म्हणावं एकडाव तोंड दाखव, मला दिसून राह्यलंय तवर." मी मालकाला म्हणलं, "औंदा मी जाणार. बिलकुल जाणार." "जा की! मी कुठं धरून ठेवलंय? पाहुणे गेले की जा." आता पाहुणे गेल्यावर पंचमी कुठं राहती का, तुम्हीच सांगा!

मंग काय, आईच आली. कल्याणच्या फटफटीवर, त्याची कंबर घट्ट धरून, मांडीवर पिशवी, पिशवीत माझं लुगडं, खण, नारळ, हिरवा चुडा. मी आत टोस्ट भाजून राह्यलेली, मला पत्ताच न्हाई! मालकानं बघितलं अन् असे खुश झाले म्हणता, "मामी, या या, इथं ओट्यावर बसा... मंडळी, ही आपली आजी!" झालं! साऱ्या बाया पाया पडायला धावल्या. ती अर्पिता सगळ्यात पुढं. आईला काय दिसतं? हिरवा पदर दिसला. आईनं त्या मॅडमचं तोंड दोन्ही हातात धरलं, "आलीस का माय दैवशाला? किती वाळलीस गं!" अन् ती मॅडम मागं वळून म्हणती, "ऐकलं का, आजी म्हणाल्या मी बारीक झाले!"

मी तवर दारात आल्ते, हातात उलथणं. बघून राह्यले. आईनं तिला चुडा चढवला, तिच्या ओटीत माझा खण, माझा नारळ, वर लुगडं, अन् रडती बी अन् हसती बी. आता मधी कशी पडू? तीन साल झाले, आज कुठं लेक भेटली होती तिला! सगळ्या उठून फोटोला गेल्या तव्हा मी जवळ बसले, म्हणलं, "आई, मी." तिनं माझा हात चाचपला, लई येळ चाचपला. "मंग मघाची कोण गं?" म्हणलं, "पाहुणी होती." पिशवी उलटी केली बिचारीनं, तळाशी मूठभर गहू निघाले, तेच घातले माझ्या पदरात. तेवढ्यात आतून, "ताई, टोस्ट जळतोय!"

आई गेली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी मालक मोबाईल घेऊन आले, अर्पिता मॅडमनं काय लिहिलं ते मोठ्यानं वाचून राह्यले, "माहेर असावं तर असं! आजींनी अगदी पोटची लेक समजून ओटी भरली. फक्त स्वयंपाकाच्या ताई सारख्या रडव्या चेहऱ्याने फिरतात." मला वाटलं आता तरी समजंल ह्यांला. समजलं ना, बराबर समजलं! मोबाईल खिशात घातला अन् एकदम मायेनं म्हणले, "दैवशाला, चुकलंच माझं. पुढच्या पंचमीला तुला सुट्टी. सैपाकाला दुसरी बाई बघतो. झोक्याला कल्याण हायेच, अन् ओट्यावर बसायला तुझ्या आईला मी आठ दिवस आधीच आणून ठेवतो. तू जाय खुशाल माहेरी!"

जाते की! आई इथं, भाऊ इथं, भावजय तिच्या माहेरी गेलेली... जाते, वडीगोद्रीच्या कुलपाला भेटून येते!