कारखान्याचं खळं

माझं नाव ठकूबाई, माहेर चाकणच्या पल्याड, भामा नदीच्या काठाला, बाप तिथला सुतार, आन् सुताराची लेक सुताराच्याच घरात द्यायची म्हनून मला पिंपरीत दिली, तवा पिंपरी म्हंजी गाव व्हतं बरं का, आत्ता तुमी ज्या पुलाखालनं आला न्हवं, तिथं समदी ज्वारी, मानूस शिरला तर दिसायचा न्हाई. लगीन झालं तवा मी चौदा-पंधराची असंन, कोन लिवून ठेवतंय. घरात मामंजी, म्हंजी माझं सासरं, धोंडिबा सुतार, आन् माझं धनी, बस, सासू आधीच गेलेली. तुमी म्हनता जुनं सांगा, सांगते, पन माझं सांगनं सरळ नसतंय ताई, कुठं भरकटले तर हटकायचं.

आता बलुतं म्हंजी काय हे तुमच्यासारख्या पोरीला कुठनं ठावं असनार. वर्षभर गावातल्या शेतकऱ्याचा नांगर, कुळव, पाभर, गाडीचं जू, जे मोडंल ते मामंजींनी करायचं, पैसा घ्यायचा न्हाई, भाव करायचा न्हाई, आन् सुगी झाली, खळ्यावर दान्याची रास पडली, की शेतकऱ्यानं घरी न्यायच्या आधी सुताराला द्यायचं. मामंजी त्या दिवशी धुतलेलं मुंडासं बांधायचं, पोतं काखंत, आन् खळ्याच्या मधोमध जाऊन हुभं ऱ्हायचं. तोंडानं मागायचं न्हाई हां, मागनं म्हंजी कमीपना. मंग शेतकरी दोन्ही हातांचा पसा भरून त्यांच्या धोतराच्या ओच्यात टाकायचा आन् म्हनायचा, घे सुतारा, तुझा हक्क हाय. येवढं म्हनल्याबिगार मामंजी जागचं हलायचं न्हाई. एकदा एक जन नुसताच ओतून पाठ फिरवून गेला तर मामंजी तसंच उन्हात हुभं, तो परत येऊन म्हनला तवा निघालं. लई हेकट मानूस, काय सांगू तुमाला.

आन् तिथंच, खळ्याच्या कडंला, आत न्हाई, भाइर, येसकराची बाई हुभी असायची. गावाची राखन, निरोप पोचवनं, मेलेलं ढोर वढून न्हेनं, समदं त्यांच्या माथी, आन् त्यांनाच ठेवलेलं गावाभाइर. तिला द्यायचं समद्यात शेवटी, रास उचलल्यावर मातीत जे ऱ्हाईल ते, ते बी लांबनं पदरात टाकायचं. तिला कोनी म्हनायचं न्हाई तुझा हक्क हाय म्हनून. तिच्या संगं तिची लेक असायची, हौसा, माझ्याच वयाची. मी बघायची. पन मला तवा त्यात काय वाटायचं न्हाई, खोटं कशाला बोलू, जसं चाललंय तसंच असतंय असं वाटायचं.

मंग सरकारनं औषधाचा कारखाना काढायचा ठरवलं आन् आमच्या शिवारातली जमीन घेतली. शेतकऱ्यांना मोबदला मिळाला, कोनी तिकडं लांब जमीन घिऊन गेलं, कोनी बैलं इकून दुकान टाकलं. सुतार कुनाच्या मोबदल्यात बसत न्हाई. आमच्याकडं जमीन कुठं व्हती, आमच्याकडं मानसं व्हती, नांगरवाली, तीच गेली. धन्यांना कारखान्यात खोकी करायच्या कामावर लावलं, पगारी, आन् वरसभरानं बाटल्या पेट्यांत भरायला बाया पायजेत म्हनून मी बी गेले. पहिल्या दिवशी बघती तर माझ्या शेजारच्या पाटावर हौसा. तिच्या घरच्यांनी येसकरकी टाकून दिलेली. मी जरा सरकून बसले, सवयीनं, आन् तिला ते दिसलं. म्हयनाभरानं एकाच घागरीतलं पानी प्यायला लागलो, ते कसं झालं ते मला बी आठवत न्हाई.

त्याच टायमाला आमच्या पडवीत दर रयवारी सकाळी कामगारांना शिकवायचा वर्ग भरायला लागला. पुन्यासनं लेले मास्तर यायचे, सायकलीवर, बारीक अंगाचे, चष्मा, लई जीव तोडून शिकवायचे. धन्यांच्या बरूबरचे धा-बारा कामगार बसायचे. मास्तरांनी पहिल्याच रयवारी मी पांढऱ्या मातीनं नुकत्याच सारवलेल्या भिंतीवर कोळशानं पायऱ्या काढल्या, माझा जीव असा तडफडला, पन बामनाच्या पोराला काय म्हनायचं. पहिल्या पायरीवर रानातली मानसं, दुसरीवर गुलाम, तिसरीवर जहागीरदार, चौथीवर कारखानदार, आन् पाचवीवर समद्यांचं समदं. म्हनायचे, इतिहास वरच चढतो, खाली येत न्हाई. मी आतनं दळन निवडत ऐकायची. मला मनात यायचं, वर चढतो म्हनता, पन चढवतंय कोन, आन् खालच्या पायरीवर जी मानसं व्हती ती कुठं गेली.

मामंजी वर्गात बसायचं न्हाई, अंगनात रंधा मारत बसायचं, पन कान इकडंच. एका रयवारी मास्तर म्हनले बलुतं तिसऱ्या पायरीवर, ती बी एक गुलामीच, गोड बोलून केलेली. झालं, मामंजींनी रंधा खाली ठिवला. म्हनलं, मास्तर, मला खळ्यावरनं कोन हाकलून देत व्हतं सांगा. ह्या माझ्या पोराला उद्या सायब म्हनला नगं येऊ, तर हा काय करनार? माझ्या बापाला, आज्याला, कुनाची छाती झाली न्हाई नगं येऊ म्हनायची. मंग गुलाम म्या का ह्यो?

मास्तर भिंतीपासनं पुढं आले. मंग शांतपनी म्हनले, बाबा, तुमाला गाव सोडून दुसऱ्या गावी जाऊन सुतारकी करायची असती तर येत व्हती का? शेतकरी कमी दाना घालायला लागला तर तुमी त्याचं काम बंद करू शकत व्हता का? आन् येसकराचं काय?

मामंजींनी रंधा उचलला, पन मारला न्हाई. मला वाटलं दोघांचं बी खरं हाय आन् दोघांचं बी अर्धं हाय, पन मला कोन इचारतंय.

आता पुढचं सांगते, ह्याच्यावर आमची वस्ती लई हसली. मामंजींनी आपल्या मनाशी हिशोब मांडला. जमीन कारखान्याची झाली, म्हंजी गावातला सगळ्यात मोठा शेतकरी आता कारखाना. आन् म्या गावचा सुतार. तवा म्या कारखान्याचा सुतार, त्याला कुनी नेमायची गरज काय, म्या हायेच. झालं. वाकस आन् करवत घिऊन रोज सकाळी जायला लागलं. फाटकाजवळची चौकी, भाइरची बाकडी, पान्याच्या पिंपाची घडवंची, झाडांची कुंपनं, जे मोडकं दिसंल ते नीट करायचं. पहारेकऱ्याला वाटायचं हा ठेकेदाराचा मानूस, ठेकेदाराला वाटायचं सायबाचा. आमाला घरात म्हनायचं, कामाला जातो. धनी आन् मी दुसऱ्या अंगानं आत जायचो, आमाला पत्ताच न्हाई. मला वाटलं लागली कुठंतरी रोजंदारी, बरं झालं, म्हातारा मानूस गुंतला.

असं सुगीपातूर चाललं. आन् ज्या दिवशी खळ्यावर जायची त्यांची रीत, त्या दिवशी धुतलेलं मुंडासं बांधलं, पोतं काखंत घेतलं आन् कारखान्याच्या फाटकाशी जाऊन हुभं ऱ्हाईलं. मधोमध. मोटारी थांबल्या. पहारेकरी म्हनला, बाबा बाजूला व्हा. हलंनात. काय पायजे म्हनलं तर सांगंनात, कारन मागायचं नसतंय न्हवं. शेवटी आतनं सायब आला, परमुलखातला, भला मानूस व्हता, आन् त्याला मराठी समजत न्हाई, म्हाताऱ्याचा ल्योक आतच कामाला हाय असं कुनी सांगितलं म्हनून धन्यांनाच बोलावलं. धन्यांनी मला नंतर सांगितलं, बापाला पोतं घिऊन हुभं बघितल्यावर मला धरनी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सायबाला समदं उलगडून सांगितलं तर तो हसला न्हाई, हे त्याचं मी अजून मानते. म्हनला, बाबांनी वरसभर काम केलंय तर रजिस्टरला नाव लावू, जेवढे दिस भरत्यात तेवढा रोज घ्या, उद्यापासनं कामावर बी या. धन्यांना वाटलं देव पावला. मामंजी म्हनलं, म्या रोज मागायला आलो न्हाई. मंग काय पायजे? तुमच्या खळ्यात जे पिकतं त्यातला पसाभर. आता सायब काय देनार, औषध? त्यो सरकारी माल, बाटलीवर बाटली मोजलेली. सायबानं चहा मागवला, खुर्ची दिली. मामंजी बसलं न्हाई. ऊन डोक्यावर आलं तवा पहारेकऱ्यानं हाताला धरून फाटकाच्या कडंला न्हेलं, दांडगाई न्हाई केली, मोटारींना वाट पायजे व्हती. तिथनं घरी आलं. पोतं घडी घातल्यालं, जसं न्हेलं तसं.

हत्यारं माळ्यावर टाकली. आन् जेवान तोडलं. म्हंजी जेवायचं, पन चतकोर, म्हनायचं काम न्हाई तर कशाचं खाऊ. मी म्हनलं, मामंजी, मी आन् तुमचा ल्योक कमावतोय की. तर म्हनलं, ती तुमची भाकर. मला लई राग आला त्यांचा, आन् रडू बी आलं. अंगावरचं मांस झडायला लागलं. धनी म्हनलं, म्हातारा ह्याच्यात जानार. मास्तर बी येऊन समजावून गेले, रोज घेनं ह्यात कमीपना न्हाई, ती कष्टाचीच कमाई. मामंजी म्हनलं, तुमची पायरी तुमाला लखलाभ.

हे समदं मी कामावर हौसाला सांगितलं, कुनाला सांगनार दुसऱ्या. तिनं ऐकून घेतलं, बाटल्या पुसत ऱ्हाईली. पुढच्याच रयवारी, वर्ग चालू व्हता, आन् हौसा आमच्या अंगनाच्या भाइर येऊन हुभी ऱ्हाईली. सातवा म्हयना लागलेला तिला. तिथनंच म्हनली, सुतारबाबा, पाळना पायजे. आमच्या घरानं कधी त्यांच्या वस्तीचं काम केलं न्हवतं, त्यांनी मागितलं बी न्हवतं. वर्गातली मानसं मागं वळून बघायला लागली. मामंजींनी तिच्याकडं बघितलं. हौसा थांबली, गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतीचा आवाज. मी हातातलं टाकून भाइर आले. मामंजी बाभळीची फळी कापत व्हतं, मान खाली घालून. मी इचारलं न्हाई, तेच म्हनलं, सुनबाई, त्या दिवशी फाटकाच्या कडंला मला हुभं केलं तवा मला येसकरीन आठवली. ह्या हौसाची आय. जलमभर तिथंच हुभी व्हती. म्या येवढ्या सुग्या मधी हुभा ऱ्हाईलो, माझी नजर कधी गेली न्हाई तिच्याकडं. येवढंच बोललं, आन् परत करवत.

दोन आठवड्यांत पाळना झाला, चार मोर कोरलेला, वर खुळखुळ्याला आकडा. रयवारी हौसा आली, डोक्यावर सुपात बाजरी, बाजारातनं इकत आनलेली, पगाराची. परत अंगनाच्या भाइरच थांबली आन् सूप खाली ठिवून, मामंजींनी ओचा धरावा म्हनून वाकून पसा भरायला लागली. मामंजी उठलं, मुंडासं नीट केलं, म्हनलं, थांब. अशी कडंला हुभी ऱ्हाऊन नगं देऊस. हक्क मधी हुभं ऱ्हाऊन देत्यात. ये आत.

ती आत आली. अंगनाच्या मधोमध. तिनं पसा भरला, ओच्यात टाकला, एक, दोन, पाच येळा, आन् म्हनली, घ्या सुतारबाबा, तुमचा हक्क हाय.

मामंजींच्या डोळ्यांतनं पानी वाहत व्हतं, पुसलं न्हाई. लेले मास्तर कोळसा हातात धरून भिंतीपाशी तसेच हुभे, ह्याला कुठल्या पायरीवर मांडावं त्यांना सुचंना. त्या दिवशी वर्ग पुढं झालाच न्हाई. मी त्या बाजरीच्या भाकरी थापल्या, मास्तर जेवले, हौसा जेवली, मामंजी दोन भाकरी जेवलं.

त्याच्या पुढं मामंजींनी लई कामं केली, चाळीतली, भोसरीकडच्या नव्या घरांची, कोनी पैसं देयाचं, कोनी दाना, जे देतील ते घ्यायचं. फकस्त कोनी कडंला हुभं ऱ्हाऊन दिलेलं घ्यायचं न्हाई. शांत गेलं म्हातारं. मास्तरांची पाचवी पायरी काय अजून आली न्हाई ताई, माझा नातू तर ठेकेदाराकडं शिफ्ट करतो, त्याला उद्या नगं येऊ म्हनलं तर काय, हे मामंजींनी तवाच इचारलं व्हतं. पन हौसाची नात बँकेत सायब हाय. म्हंजी चढलं बी, आन् न्हाई बी. मला कळंल तेवढं सांगितलं.

एकदा मी हौसाला इचारलं, गं, तुझ्या हातात पगार व्हता, पैसं देयाचं सोडून बाजरी का आनलीस? तर म्हनली, वैनी, माझ्या आयला जलमात कोनी म्हनलं न्हाई तुझा हक्क हाय म्हनून. मला बघायचं व्हतं, द्यानाऱ्याच्या बाजूनं म्हनताना कसं वाटतं. म्हनलं, मंग कसं वाटलं? म्हनली, जड व्हता गं दाना.

सुखी ऱ्हा लेकी, लांबनं आलीस, भाकर खाऊन जा. आता ते तुझं बोलनं टिपायचं यंत्र बंद कर, पाच वाजत आले, हौसा यील. रोज येती. आन् त्या मधल्या खुर्चीवरनं ऊठ जरा, ती तिथंच बसती.